जांभळाच्या बिअरचा परीक्षक

दिगंबर राजाध्यक्ष चार वेळा जर्मनीला जाऊन आले होते आणि तेव्हापासून त्यांना इकडची कुठलीच चव पटत नव्हती. पुण्यातल्या बिअर स्पर्धेचे ते मुख्य परीक्षक. कुडाळच्या वृंदा खोतने जांभळाच्या हंगामापुरती केलेली बिअर समोर आली, तेव्हा त्यांनी ग्लास नाकाशी नेला, ओठाला टेकवला न टेकवला आणि खाली ठेवला.

"मिनिटभर जिभेवर घोळवली. निव्वळ पाणचट! बाद करा," ते म्हणाले.

वृंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जांभळं कुस्करून कुस्करून तिची नखं अजून काळी होती. शेजारच्या दोन्ही परीक्षकांच्या जिभा तर एकेका घोटातच गडद जांभळ्या झाल्या होत्या.

"साहेब, जरा जीभ दाखवता?"

"काय उद्धटपणा आहे हा!" राजाध्यक्ष ओरडले, आणि त्या ओरडण्यात त्यांची स्वच्छ गुलाबी जीभ सगळ्या मांडवाला दिसली.

वृंदा म्हणाली, "आमच्याकडे पोरं जांभळं खाऊन 'नाही खाल्ली' म्हणतात, तेव्हा आई त्यांची जीभ बघते. न चाखताच 'चाखली' म्हणणारं पोर मात्र आज पहिल्यांदाच बघितलं."