सहीवाली केराबाई

ऐका मंडळी. निवळीच्या पठारावर विजेचा खांब चढला नव्हता आणि मत म्हणजे कागदावरचा शिक्का असायचा, तेव्हाची ही गोष्ट. पठारावर धनगरांचे तेरा वाडे होते. एका वाड्यावरून हाक दिली तर दुसऱ्यावर ऐकू जायची, पण चालत जायला अर्धा दिवस लागायचा. तिथं केराबाई झोरे राहायची. तिला शाळा हवी होती. एवढंच मागणं, आणि त्यात अख्खा जन्म गेला.

तिच्या लहानपणी पायथ्याचा एक ठेकेदार कागद घेऊन वर आला होता. "म्हशींच्या पाण्याचा कागद हाय, लाव अंगठा," तो तिच्या बापाला म्हणाला. बापानं लावला. दुसऱ्या महिन्यात झऱ्यासकट सगळं चराईचं रान त्या ठेकेदाराचं झालं. असं म्हणतात, की बापाच्या अंगठ्याची ती शाई पुढे कधी निघालीच नाही. त्यानं राखेनं घासलं, ताकानं धुतलं, दगडावर साल जाईपर्यंत खरवडलं. चितेवर चढवला तेव्हाही अंगठा निळाच होता.

केराबाईनं तो अंगठा पाहिला होता. बाजाराच्या दिवशी खाली येणाऱ्या टपालवाल्याला तूप देऊन देऊन ती अक्षरं शिकली. मग पठारावरच्या एका काळ्या कातळाची तिनं पाटी केली आणि पांढऱ्या गारगोटीची पेन्सिल. जो येईल त्याला आधी त्याचं नाव लिहायला शिकवायचं, बाकीचं मागाहून. तिचा एकच नेम होता: "मान कापून द्या, पर अंगठा देऊ नगा." असं म्हणतात, की एकाच दिवशी ती तेराही वाड्यांवर दिसायची, आणि तिच्या हाताखाली गिरवलेलं नाव माणूस झोपेतही चुकत नसे. सत्तरीची ठकूआजी महिनाभर गिरवत बसली. नाव जमलं त्या दिवशी म्हातारीनं म्हशींच्या पाठीवरसुद्धा खडूनं आपलं नाव लिहिलं. म्हशींनी काही हरकत घेतली नाही.

पण एकट्या बाईनं किती पुरावं? पोरं पुढचं मागू लागली. केराबाई शाळा मागायला तालुक्याला गेली. तालुक्यानं जिल्हा दाखवला, जिल्ह्यानं मुंबई दाखवली. नऊ वर्षं तिनं जिने झिजवले. शेवटी एका साहेबानं खरं काय ते सांगून टाकलं.

"बाई, तुमच्या एकाही वाड्यावर वीस पोरं भरत नाहीत. नियम आहे. आणि नियम दिल्लीत होतात."

"मंग दिल्लीलाच जायला पायजे," केराबाई म्हणाली.

साहेब हसला. ती हसली नाही. त्या वर्षी लोकसभेची निवडणूक होती. तिनं अर्ज भरला आणि निशाणी मागून घेतली पाटी.

समोरच्या उमेदवाराकडे जीपगाड्या होत्या, भोंगे होते. हिच्याकडे पाय होते. ती गावोगाव गेली, पण तिनं भाषण म्हणून केलं नाही. ओट्यावर बसायची, भोवती बायामाणसं जमवायची आणि एकेकाचा हात धरून नाव गिरवून घ्यायची. निघताना बोटभर शिसपेन्सिलीचा तुकडा हातावर ठेवायची. ऊसतोडवाले, भांडी घासणाऱ्या, गुरवीण, तराळ, सगळे शिकले. असं म्हणतात, की ती जाईल तिथं आधी पाट्यांचा खडखडाट ऐकू यायचा, मग ती दिसायची. आणि खरंच लोक तिच्या मागे निघाले. मत द्यायचं तर बाईलाच, असं चुलीचुलीशी ठरलं. मोठमोठ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी ती शेवटच्या गावातून निघाली होती. पायांना फोड आले होते, घसा बसला होता. बिरू हुलवान नावाचा पठारावरचा म्हातारा तिच्याबरोबर फिरत होता. त्यानं विचारलं, "बाई, लोकं इचारत्यात. आत त्या कागदावर नाव लिवायचं, का कसं?"

केराबाईनं नीट ऐकलं नाही. एवढ्या वर्षांचं तोंडात बसलेलं वाक्य तिच्या तोंडून निघून गेलं. "नाव कुठंबी लिवा बिरूदा, पर अंगठा लावू नगा."

बिरूनं निरोप फिरवला. बाईचा शब्द तो, वणव्यासारखा गावोगाव गेला.

दुसऱ्या दिवशी लोक नवी लुगडी नेसून, पटके बांधून गेले. आडोशाला गेल्यावर कागदावर पाटीचं चित्र दिसलं आणि शेजारी शाईत बुडवलेला शिक्का. शाई बघून त्यांनी हात मागे घेतला. शिक्का म्हणजे अंगठ्याचाच भाऊ! कनवटीची, कानावरची पेन्सिल काढली आणि पाटीच्या चित्राखाली प्रत्येकानं आपलं नाव लिहिलं. सुरेख, ठळक, जीव लावून.

मोजणीच्या दिवशी केराबाई टेबलाशी बसली होती. अधिकारी एकेक कागद उघडायचा, तिला दाखवायचा आणि बाजूला टाकायचा. "बाद. ओळख पटेल असं काही लिहिलं तर मत बाद होतं, बाई." तो नाव वाचत नव्हता, ते वाचायचं नसतं. पण केराबाईला वाचायची गरज कुठं होती? प्रत्येक हात तिनं धरलेला होता. हा ठकूआजीचा वाकडा ठ. ही बिरूची लांब वेलांटी. कागद समोर आला की ती ओठांतल्या ओठांत म्हणायची, "हजर."

असं म्हणतात, की ती चाळीस हजार वेळा हजर म्हणाली. असंही म्हणतात, की ते पठारावर ऐकू येत होतं, आणि बाई जिंकली असं समजून तिथं ढोल वाजत होते. ती हरली ती नऊशे मतांनी.

वर आली तेव्हा पठार गुलाल घेऊन उभं होतं. हरल्याचं कळल्यावर गलका थांबला. ठकूआजीनं तिचा हात धरला. "माझं मत पोचलं न्हवं?"

केराबाई म्हणाली, "पोचलं. समद्यांचं पोचलं."

"आन् नाव? बराबर आलं हुतं?"

"एक काना चुकला न्हाई, आजी."

खरं काय झालं ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. कसं सांगणार? त्या सह्या तिनंच शिकवल्या होत्या आणि तो शब्दही तिचाच होता. ती कातळाच्या पाटीजवळ जाऊन बसली आणि पुन्हा कुणाला एक अक्षर शिकवलं नाही. पोरं यायची, उभी राहायची, निघून जायची. बिरूला पुढे बाजारात कुणीतरी नावं लिहिलेली मतं बाद झाल्याचं सांगितलं. तो धावत वर आला, तर कातळाजवळ तिच्या वहाणा होत्या, ती नव्हती. कुणी म्हणतं दिल्लीच्या वाटेला लागली, कुणी म्हणतं कातळात उतरली. मला विचाराल तर माणूस इतकं दुःख घेऊन फार लांब जात नाही.

आज तेरांपैकी चार वाडे उरलेत. शाळा नाहीच. मताला आता शिक्का नसतो, बटण असतं. पण मतदानाच्या सकाळी पठारावरची माणसं आधी कातळाशी जातात. गारगोटीनं आपलं नाव लिहितात आणि म्हणतात, "बाई, नाव तुझ्यापाशी, मत आत." मगच डोंगर उतरतात.

त्या कातळावर अंगठा उठत नाही, असं म्हणतात. काजळी लावा, शाई लावा, उठत नाही. आणि दर निवडणुकीला एखादी तरी नवी सून, एखादा तरी जवान गडी कातळासमोर खाली मान घालून उभा राहतोच, कारण त्याला लिहिता येत नाही. मग कुणीतरी म्हातारं माणूस त्याचा हात धरतं आणि नाव गिरवून घेतं. खाली केंद्रावरचे साहेब घड्याळ बघत चरफडतात. ते नाव लिहून होईपर्यंत पठारावरून कुणीही मत द्यायला उतरत नाही.