'सगळं छान' म्हणणारी शाळा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका, तेव्हाची माणसंही ते विसरून गेली. एका राज्यात डोंगराच्या पायथ्याशी एक शाळा होती आणि तिचा दूरवर लौकिक होता. लौकिक पाढ्यांचा नव्हता, अक्षराचाही नव्हता. तिथली मुलं एका सुरात 'सगळं छान' म्हणत, त्याचा होता.

रोज सकाळी गुरुजी विचारायचे, "बाळांनो, कसे आहात?" आणि अख्खी शाळा एका दमात म्हणायची, "सगळं छान, गुरुजी."

गुरुजी मूळचे गवई. गाणं सुटलं होतं, कान काही सुटला नव्हता. एखादा आवाज मागे रेंगाळला तर ते सगळ्यांना पुन्हा म्हणायला लावत. एकदा एक पोरगा मध्येच "माझं पोट दुखतंय" म्हणाला, तर त्याला उन्हात उभं केलं. पोट दुखतं म्हणून नव्हे, सूर बिघडवला म्हणून. तेव्हापासून त्या शाळेत कुणाचंही पोट दुखेनासं झालं.

त्या शाळेत माळ्याची एक मुलगी होती. पळण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. राजाची स्वारी शाळा बघायला येणार असं ठरलं आणि त्याच सुमारास तिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. तिने तो उपटला, पण अर्धाच निघाला. अर्धा आत राहिला.

दुसऱ्या दिवशी टाच ठणकू लागली. गुरुजींनी नेहमीप्रमाणे विचारलं. खरं उत्तर तिच्या जिभेवर आलं होतं. पण डावीकडून 'छान', उजवीकडून 'छान', त्या ओघात तिचंही तोंड 'छान' म्हणून मोकळं झालं.

घरी आई राजाच्या स्वारीसाठी हार ओवत बसली होती. तिने विचारलं, "लंगडतेस का गं?"

"कुठे काय. छान आहे," मुलगी म्हणाली. शाळेत गिरवलेलं घरीही उमटतंच. आईने पुढचं फूल उचललं.

टाच सुजली, मग पाऊल सुजलं, मग अंगात कणकण आली. मुलगी चवड्यावर चालायला शिकली. दुखण्यापेक्षा तिला दुसरीच भीती जास्त होती. आपण सांगितलं तर सूर बिघडेल, राजासमोर गुरुजींची मान खाली जाईल आणि आपल्याला उन्हात उभं राहावं लागेल. एवढ्याशा पोरीने एवढं ओझं एकटीने वाहिलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

राजा आला. गुरुजींनी विचारलं, "बाळांनो, कसे आहात?"

"सगळं छान, गुरुजी."

राजाने मान डोलावली. "वा, अगदी माझ्या दरबारासारखं."

राजाला हार घालायचा मान माळ्याच्या मुलीचा होता. ती हार घेऊन पुढे निघाली आणि राजापर्यंत पोहोचायच्या आतच कोसळली.

राजाबरोबर त्याचे वैद्य होते. त्यांनी मुलीचं पाऊल हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे कधीपासून आहे? कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

"पण मी तर रोज विचारत होतो," गुरुजी म्हणाले.

मुलगी तापाने अर्धवट शुद्धीत होती. ती हळूच म्हणाली, "विचारत होता, गुरुजी. पण उत्तरही तुम्हीच शिकवलं होतं."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. गुरुजींना मात्र मान वर करता आली नाही.

वैद्यांना टाच खोलवर कापावी लागली. पाय वाचला. मुलगी पुढे चालू लागली, पण पळणं तिचं कायमचं गेलं.

ती अंथरुणात असताना गुरुजी रोज तिच्या घरी जात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "कशी आहेस?"

"छान आहे, गुरुजी."

गुरुजी उठले नाहीत. तसेच बसून राहिले. बऱ्याच वेळाने मुलगी म्हणाली, "खूप ठणकतंय. आणि मला तुमचा राग आलाय."

"येऊ दे," गुरुजी म्हणाले. "येण्यासारखंच केलंय मी."

त्यानंतर शाळेत एका सुरातलं उत्तर बंद झालं. गुरुजी एकेका मुलापाशी जाऊन बसत, विचारत आणि थांबत.

वर्षभराने राजा पुन्हा आला. शाळेत नुसता कालवा. कुणी म्हणत होतं, "माझा दात हलतोय." कुणी म्हणत होतं, "मोठी मुलं माझी भाकरी हिसकावतात." कुणाला उगाचच रडू येत होतं आणि कुणी खरोखर मजेत होतं.

राजाच्या कपाळाला आठी पडली. "गुरुजी, तुमच्या शाळेचा सूर गेला."

तेवढ्यात माळ्याची मुलगी हार घेऊन लंगडत पुढे आली. तिने हार घातला आणि विचारलं, "महाराज, तुम्ही कसे आहात?"

मागून सगळे दरबारी एका सुरात म्हणाले, "महाराज छान आहेत."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती राजाकडे बघत थांबून राहिली. मग त्याचा हात आपसूक गालाकडे गेला.

"दाढ दुखते," राजा म्हणाला. "फार दिवसांपासून दुखते."

वैद्य चकित झाले. "महाराज, मग बोलला का नाहीत?"

"विचारलं सगळ्यांनी," राजा म्हणाला. "थांबलं कुणीच नाही."

वैद्यांनी दाढ त्याच दिवशी काढली. आणि त्या राज्यातल्या प्रत्येक शाळेत त्या वर्षापासून एक नवा धडा सुरू झाला, विचारायचा आणि थांबायचा. तो शिकवायला माळ्याची मुलगी गावोगाव जाई, सावकाश, एक पाय ओढत.

तात्पर्य: दुखतं ते लहानांनी वेळेवर सांगावं, आणि मोठ्यांनी विचारल्यावर खरं उत्तर येईपर्यंत थांबावं.