मांजराचं रडणं, हत्तीची गोष्ट

केतकगडच्या दरबारात कालिंदीने स्वतः लिहिलेली गोष्ट वाचली. म्हाताऱ्या माहुताचा हत्ती मरतो, एवढीच गोष्ट. पण महाराजांनी शेल्याने डोळे पुसले. राजकवी त्र्यंबकशास्त्र्यांना ते सोसलं नाही. वय झालं की काहींना दुसऱ्याचं कौतुक पचत नाही.

"पोरी, तुझ्या घरी कधी हत्ती होता?" त्यांनी विचारलं.

"नाही. मांजर होतं. ते मेलं तेव्हा मला घास गिळवेना."

दरबार हसला. शास्त्री म्हणाले, "म्हणजे मांजराचं रडणं हत्तीच्या नावावर खपवलंस. महाराज, न भोगलेलं लिहिणं ही फसवणूक आहे. हिचं वाचन कायमचं बंद करा."

महाराजांनी कालिंदीकडे पाहिलं. "उत्तर असेल तर दे, नाहीतर हे तुझं शेवटचं वाचन."

कालिंदी म्हणाली, "शास्त्रीबुवा, थोरले महाराज गेले तेव्हा तुम्ही विलाप लिहिलात. त्यात थोरल्या राणीसाहेब पतीसाठी टाहो फोडतात. तुमचे यजमान कधी वारले?"

या वेळी कुणी हसलं नाही, कारण पडद्यामागे थोरल्या राणीसाहेब स्वतः बसल्या होत्या.

"ते दुःख नुसतं रचलेलं असेल, तर त्यांच्यासमोर तसं सांगा," कालिंदी पुढे म्हणाली. "आणि मनापासून लिहिलं असेल, तर ते रडणं कुठून आणलंत तेही सांगा."

"सांगा, शास्त्रीबुवा," पडद्यामागून आवाज आला.

शास्त्री पडद्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, "त्या साली आमची गाय गेली होती."