गंजक्या पाण्याची चंद्रकळा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती घडली त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. त्या राज्यात नदीकाठी रंगाऱ्यांचं एक गाव होतं.

गावाची एक रीत होती. संक्रांतीच्या आधी प्रत्येक रंगाऱ्याने आपण रंगवलेलं एक लुगडं घाटावर आणायचं आणि पंचांनी ते सगळ्यांदेखत धुवायचं. पाणी नितळ राहिलं, तर त्याची भट्टी पुढचं वर्षभर चालू. रंग सुटला किंवा लुगडंच आलं नाही, तर भट्टी कायमची बंद. रीत चांगलीच होती हो! वाईट होते ते ती राखणारे.

त्या गावात म्हाळसा नावाची बाई राहायची. तिचा रंगारी नवरा पावसाळ्यात तापाने गेला. मागे राहिल्या म्हातारी सासू, दोन लहान मुली आणि अंगणातली थंड पडलेली भट्टी. रंग नवऱ्याच्या नावाने विकला जायचा खरा, पण दहा वर्षं कढई ढवळत होती ती म्हाळसाच.

ती रंगाऱ्यांच्या मुखियाकडे, भानशेटकडे गेली. म्हणाली, "शेट, आता भट्टी मी चालवीन. घाटावरची आमची जागा मला द्या."

भानशेट हसला. "घाटावर बाईच्या नावाची कढई आजवर लागलेली नाही. पण आम्ही काही निर्दय नाही. माळावरची विहीर घे. सगळी तुझी एकटीची!"

पंच गालातल्या गालात हसले. ती विहीर लोखंडी मातीत खणलेली होती. तिच्या गंजक्या पाण्यात लाल रंग कळकट व्हायचा आणि पिवळा मळकट. म्हाळसाची भट्टी बंद पडली की तिचं अंगण शेजारच्या भानशेटच्या अंगणाला जोडलं जाणार, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

संतापाने म्हाळसाचे कान तापले. घरी येऊन तिने घागर उचलली आणि तडक माळावर गेली.

लाल रंग चढवण्याआधी कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवतात. म्हाळसाने विहिरीच्या पाण्यात हिरडा घातला आणि लुगडं भिजवलं. पाण्यातलं लोखंड हिरड्याला भिडलं आणि तासाभरात लुगडं काळपट पडलं. लाल रंगापर्यंत गाडी पोचलीच नाही. दुसऱ्या लुगड्याची तीच गत झाली. तिसऱ्या वेळी मात्र तिला रडू आवरेना.

"म्हाळसे, पुरे कर," सासू म्हणाली. "गावात हसं होतंय आपलं. जाऊ दे ती भट्टी."

"भट्टी गेली तर पोरींना खायला काय घालू, आत्याबाई? आणि हसणाऱ्यांना इतक्या स्वस्तात सोडू?"

निदान कापड तरी वाचावं म्हणून ती ते धुवायला बसली. रिठ्याने धुतलं, राखेने चोळलं, दगडावर आपटलं. हात सोलवटून निघाले, पण काळं काही जाईना. आणि एकदम तिचे हात थांबले. जे आपण एवढं झगडून काढू शकत नाही, ते पंच तरी कसं काढतील?

आता कुणीतरी म्हणेलच, बघा, संकट हा देवाचा प्रसाद असतो. काही नको! विहीर वाईट होती, देणाऱ्याची नियत वाईट होती आणि प्रसादबिसाद काही नव्हता. पुढचं सगळं केलं ते बाईच्या हट्टाने.

कारण नुसता डाग म्हणजे रंग नव्हे. कापड कुठे गडद व्हायचं, कुठे फिकट. म्हाळसा रोज मोजूनमापून हिरडा टाकायची, कापड बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची. बिघडलं की नव्याने सुरुवात. कुरकुरणारी सासूही एक दिवस आपणहून हिरडे कुटायला बसली. सात बुड्या आणि सात उन्हं दिल्यावर एक लुगडं असं काळंभोर उतरलं, की सासू बघतच राहिली.

त्या गावात काळा रंग काजळापासून करत. संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसावी, तर संध्याकाळपर्यंत बायकांचे गळे नि दंडही काळे! त्यामुळे पंचांपुढे काळं लुगडं आणायची आजवर कुणाचीच छाती झाली नव्हती.

धुण्याचा दिवस आला. घाटावर सगळा गाव जमला. म्हाळसाने आपली चंद्रकळा पंचांपुढे ठेवली.

भानशेट तिरस्काराने म्हणाला, "हा कसला रंग? हा तर गंजक्या पाण्याचा डाग आहे."

"डाग आहे ना? मग काढून दाखवा," म्हाळसा म्हणाली.

भानशेट स्वतः पाण्यात उतरला. त्याने लुगडं बुचकळलं, रिठ्याने घासलं, दगडावर आपटआपट आपटलं. तो घामाघूम झाला, पण पाणी नितळ ते नितळच. घाटावरून एक म्हातारी ओरडली, "शेट, धुऊन झालं असेल तर द्या इकडे. सुनेच्या पहिल्या सणाला मला तेच हवंय!"

सगळा घाट हसला. पंचांना मान हलवावीच लागली आणि म्हाळसाची भट्टी राहिली.

त्या संक्रांतीपासून लेकी-सुनांना घेऊन बायका म्हाळसाच्या दाराची वाट धरू लागल्या. दुसऱ्या वर्षी आसपासच्या गावांतून मागणी आली. तेव्हा भानशेट पंचांना घेऊन तिच्या दारी आला.

"म्हाळसाबाई, घाटावरची जागा तुमची. फक्त आम्हालाही त्या विहिरीचं पाणी भरू द्या."

"घाट तुम्हालाच लखलाभ. माझी कढई इथेच बरी आहे," म्हाळसा म्हणाली. "पाणी खुशाल न्या. पण आधी इथे, पंचांसमोर बोला, की यापुढे कुठल्याही बाईची भट्टी या गावात अडवली जाणार नाही."

भानशेटने इकडेतिकडे पाहिलं. बोलल्यावाचून घागर भरणार नव्हती. शेवटी तो खाली मान घालून बोलला.

"ऐकू आलं नाही," म्हाळसा म्हणाली.

तो पुन्हा बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. त्याच वर्षी गावात आणखी तीन बायकांनी आपल्या भट्ट्या पेटवल्या.

तात्पर्य: वाट अडवणारा जे टाकाऊ म्हणून आपल्या पदरात टाकतो, ते हट्टाने कामाला लावलं की तेच आपलं बळ होतं.