अर्ध्या रिंकचा खेळाडू

"...पण अर्ध्या रिंकचा खेळाडू म्हणजे नेमकं काय, मेमे-ले?"

जिग्मेतने पुन्हा तेच विचारलं.

गोम्पाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, खालच्या गोठलेल्या तळ्यावर तो स्केट्स बांधून, हातात हॉकी स्टिक घेऊन उभा होता. म्हातारे लामा थुबतन काठावर उन्हाला पाठ देऊन बसले होते. गावातली पोरं याच तळ्यावर, त्यांचाच हात धरून, बर्फावर उभं राहायला शिकली होती. त्यांना ती मेमे-ले म्हणत, म्हणजे आजोबा.

"असं म्हणालं कोण?"

"कोच. सगळ्या संघासमोर. पुढे एक शब्द नाही."

"तू विचारलं नाहीस?"

"विचारलं. म्हणाले, कळलं की मला येऊन सांग."

लामा हसले. "हुशार दिसतात."

"हुशार कसले. त्यांच्या ओळखीतला एक जण आहे, त्याला माझी जागा द्यायचीय."

"असेल."

जिग्मेतला हे उत्तर आवडलं नाही. ज्युनियर आइस हॉकीत तो आघाडीला खेळणारा फॉरवर्ड होता आणि लडाखभरात त्याच्याइतके गोल कुणाचे नव्हते. लेहच्या पगारी संघाने त्याला घेतलं, तेव्हा गावाने गळ्यात पांढरे शेले घालून पाठवणी केली होती. तिथल्या रिंकवर, बर्फाच्या मैदानावर, मात्र तो क्वचितच उतरला; बहुतेक वेळ बाकावर बसून होता. आता रविवारी या हिवाळ्यातला शेवटचा सामना. कोच त्याला थोडा वेळ उतरवणार होते. तेवढ्यात काही दिसलं नाही, तर पुढच्या वर्षी संघात नाव नाही.

"मला वाटलं, मी बचावाला मागे येत नाही म्हणून म्हणतात. मग मागे येऊ लागलो. तोंडाला फेस येईपर्यंत."

"मग?"

"म्हणाले, अजून अर्धाच. मग वाटलं, डोकं वापरत नाही म्हणत असतील. मोठ्या खेळाडूंचे व्हिडिओ बघत बसलो."

"मग?"

"अर्धाच."

लामा गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठले. जाड लोकरी बुटांनी बर्फावरून चालत त्यांनी तळं ओलांडलं. पलीकडे उजव्या कोपऱ्यात, पानं झडलेल्या विलोच्या झाडाखाली, घोंगडी अंथरून ते बर्फावरच बसले.

"जिग्मेत, थर्मास तिकडेच राहिला बघ. चहा आण."

"मी नवा शॉट दाखवणार होतो."

"चहा आधी."

जिग्मेतने थर्मास उचलला. चार ढांगांत तो तळ्याच्या मध्यावर आला. तिथून काठाकडे वळला, जमिनीवर चढला आणि स्केट्ससकट दगडगोट्यांवरून खडखडत, तोल सावरत झाडामागे येऊन उभा राहिला. वाकून त्याने थर्मास पुढे केला.

लामांनी लाकडी वाटीत खारा चहा ओतला. वर लोणी तरंगलं. त्यांनी फुंकर घातली.

"तुझ्या स्केटच्या ब्लेडला कुणी बोट लावलेलं तुला चालत नाही म्हणे."

"नाहीच चालत. कालच धार लावून घेतलीय."

"गेली की."

जिग्मेतने खाली पायांकडे पाहिलं.

"वळसा का घातलास?"

"इथे खाली झरा आहे ना. बर्फ पातळ असतो. तुम्हीच तर सांगायचात, या कोपऱ्यात जो येईल त्याची स्टिक चुलीत."

"सांगायचो खरा."

"माझी घातलीही होती एकदा."

"चांगली जळाली. मी कुठे बसलोय, जिग्मेत?"

जिग्मेतने लामांकडे पाहिलं. मग घोंगडीकडे. घोंगडी कोरडी होती.

"आणि झरा?"

"गावाने नळाला जोडला. तू लेहला गेलास त्याच वर्षी."

लामा चहा पीत होते.

"मेमे-ले..."

"हं."

"लेहच्या रिंकखाली झरा नाही."

"नसावा."

"सिमेंट आहे. मागच्या सामन्यात समोरच्या संघात एक बचावपटू होता. पकची काळी चकती त्याच्याकडे आली की तो उजव्या कोपऱ्यात भिरकावायचा. दर वेळी. आणि माझ्याकडे बघून हसायचा."

"तू काय करायचास?"

"गोलसमोर थांबायचो. पक बाहेर यायची वाट बघत. उजव्या कोपऱ्याकडे वळायचोच नाही. मला वाटायचं, मला घाबरून भिरकावतोय."

"चहात मीठ कमी झालंय," लामा म्हणाले.

जिग्मेतने एक पाय बर्फावर टेकवला. खोल कुठेतरी बर्फ कडकडला. तो तसाच थबकला, एक पाय जमिनीवर, एक बर्फावर. लामांकडे पाहिलं. लामांनी मान वर केली नाही.

त्याने दुसरा पाय उतरवला.

मग तो कोपऱ्याच्या टोकापर्यंत गेला, झाडाच्या मुळांना स्टिक टेकवली, गिरकी घेऊन मागे आला. पुन्हा गेला. या वेळी वेगात. मग पुन्हा. बोथट ब्लेड घसरत होतं, तरी तो जात राहिला. कोपरा तसा लहानच होता.

धापा टाकत तो लामांपुढे येऊन उभा राहिला. चेहरा लाल झाला होता.

"म्हणजे आता इथे यायला हरकत नाही ना, मेमे-ले?"

लामांनी वाटी पुसून चोग्यात ठेवली.

"अजून मलाच विचारतोस?"