आधी जोडदांडी सैल कर

एकदा एक गृहस्थ आपल्या चालत्या गाडीची तक्रार घेऊन एका वृद्धाकडे गेला. बंद पडलेल्या गाडीची तक्रार कोणीही करतो. चालत्या गाडीत काहीतरी बिनसले आहे हे ओळखायला थोडी अक्कल लागते, आणि या गृहस्थाला ती होती, हे मी आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढची गोष्ट वाचून तुम्ही त्याला मूर्ख ठरवाल आणि स्वतः मोकळे व्हाल.

गाडी ब्रिटिश बनावटीची, जुन्या काळातली, लांब नाकाची, कापडी टपाची आणि दोनच माणसांपुरती. असल्या गाड्या हौसेने विकत घेणारे पुष्कळ असतात. फोटो काढून झाले की त्या ताडपत्रीखाली जातात. घरच्या घरी, आपल्या हाताने ती जिवंत ठेवणारा विरळा. तिचे नट इंचांच्या मापाचे. आपले मिलिमीटरचे पाने त्यांना बसल्यासारखे वाटतात आणि जोर लावला की नटाचे कोपरे खाऊन टाकतात. गृहस्थ हे सगळे त्या वृद्धापाशी शिकला होता. वृद्धाने असल्या गाड्या आयुष्यभर स्वतःच्या अंगणात नांदवल्या होत्या. गॅरेज त्याने कधी काढले नाही. शिकायला येणाऱ्याला तो नाही म्हणत नसे. फक्त आपली हत्यारे आपण पुसावीत, एवढीच त्याची अट.

तर तक्रार अशी होती. गाडी सुरू होत होती, सपाटीला बरी पळत होती, पण घाट लागला की पिकअप जाई आणि ती मिसिंग मारू लागे, म्हणजे मधूनच ठोका चुकवू लागे. या इंजिनाला दोन कार्ब्युरेटर असतात. कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनाचे नाक समजा. तो हवा ओढतो, तिच्यात पेट्रोल मिसळतो आणि पुढे सिलिंडरकडे पाठवतो. साध्या गाडीला एक पुरतो. हिला दोन, एकापुढे एक, आणि दोघांचे हवा आत सोडणारे पडदे एकाच वेळी उघडावेत म्हणून मध्ये एक बारीकशी जोडदांडी.

गृहस्थाचे म्हणणे, पुढचा कार्ब्युरेटर गुणाचा आहे, पडदा कमीजास्त उघडणारा त्याचा स्क्रू जरा फिरवला की लगेच ऐकतो. मागचा मात्र ढिम्म. त्याचा स्क्रू इकडे फिरवा, तिकडे फिरवा, इंजिनाला पत्ता नाही. त्याला जास्त पेट्रोल देऊन पाहिले, तरी तसाच. आता तो काढून दुसरा बसवावा, असे त्याच्या मनाने घेतले होते.

वृद्ध म्हणाला, फेकण्याआधी एकदा बघू, आणि चपला घालून त्याच्याबरोबर निघाला.

वाटेत त्याने घरची चौकशी केली. गृहस्थाने सांगितले की घरी सर्व ठीक, फक्त एक विषय निघालेला आहे. त्याची बायको विशाखा हातमागावर विणत असे. मागच्या खोलीत तिचा माग होता आणि तिच्या हाताला नाव होते. घाटाखालच्या एका विणकाम केंद्राने तिला दोन वर्षांसाठी बोलावले होते. तिथल्या बायकांना शिकवायचे, केंद्र चालवायचे, तिथेच राहायचे. रविवारी त्यांचा माणूस उत्तर न्यायला येणार होता. नकार गेला की ते दुसऱ्या कोणाला तरी विचारणार, हे त्यांनी स्पष्ट सांगितले होते.

“पण तिलाच जायचं नाहीये,” गृहस्थ म्हणाला. “मी विचारलं ना. म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. म्हटलं, मग कशाला उगाच दगदग. रविवारी मीच सांगतो त्यांना.”

वृद्ध हं म्हणाला आणि चालत राहिला.

या गृहस्थाला मी दुष्ट म्हणणार नाही. दुष्ट नवऱ्याची गोष्ट दोन ओळींत संपते, तिच्यासाठी कोणा वृद्धाला चपला घालाव्या लागत नाहीत. हा माणूस बायकोवर जीव टाकणारा होता. तिला बँकेत उभे राहावे लागू नये म्हणून हा उभा राहिला. सूतवाल्याशी तिला भांडावे लागू नये म्हणून हा भांडला. आणि तिला बोलावे लागू नये म्हणून वर्षानुवर्षे हाच बोलत आला. लग्नात ज्याच्या त्याच्या तोंडी संसाररथाची दोन चाके असतात. चाकांना श्वास घ्यावा लागत नाही, म्हणून ती उपमा इतकी सोयीची.

घरी आल्यावर गृहस्थाने बॉनेट उघडले, हवेच्या जाळ्या काढल्या आणि इंजिन सुरू करून गरम होऊ दिले. मग त्याने गुरूला प्रात्यक्षिक दाखवले. पुढचा स्क्रू फिरवला, इंजिनाचा वेग वाढला. मागचा फिरवला, काहीच झाले नाही.

“बघा,” तो म्हणाला. “दगड आहे नुसता.”

वृद्धाने पेटीतून एक छोटा पाना घेतला आणि ज्या जोडदांडीची कोणी तक्रारच केली नव्हती, तिचे दोन्ही नट सैल केले. इंजिन थडथडले, खोकले, गाडीचे अख्खे अंग हलले आणि ते बंद पडले.

शिष्य कळवळला. “काका, चालती गाडी बंद पाडलीत की.”

“हो,” वृद्ध म्हणाला. “आता ती नीट होईल. कर सुरू.”

रेस देऊन देऊन ती कशीबशी सुरू झाली, पण लंगडत. पत्रा खडखडू लागला. तो आवाज ऐकून विशाखा मागावरून उठून बाहेर आली आणि तिने पदराला हात पुसत विचारले, आज दोघं मिळून कुणाचा जीव घेताय.

वृद्धाने खिशातून हातभर रबरी नळी काढली. तिचे एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी आणि दुसरे कानाशी धरायचे, की आत जाणाऱ्या हवेचा आवाज ऐकू येतो. डोळ्यांना न दिसणारे काही कानाला कळते, हे जुन्या गाड्यांचे शास्त्र आहे. गृहस्थाने नळीसाठी हात पुढे केला. वृद्धाने ती विशाखाच्या हातात दिली.

“बाई, तुमचा कान तरुण आहे.”

“पन्नाशी आली काका माझी.”

“माझ्याहून तरुण आहे ना? मग झालं. आधी पुढचा ऐका.”

तिने ऐकले आणि मान मागे घेतली. केवढा फुसफुसतोय, म्हणाली, कुकरची शिटी व्हायच्या आधी होतं तसा. मग तिने नळी मागच्याच्या तोंडाशी नेली. बराच वेळ ती वाकून उभी राहिली. डोळे मिटले. नळी जरा सरकवून पुन्हा ऐकले.

“हा श्वासच घेत नाहीये,” ती म्हणाली.

गृहस्थ म्हणाला, तेच तर मी सांगतोय, खराब आहे तो. वृद्धाने त्याला मागचा स्क्रू फिरवायला सांगितले. याने नाइलाजाने पाव फेरा दिला आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला, कारण इंजिन एकदम उचलले होते. जो दगड होता तो ऐकत होता.

मग काम सुरू झाले. नळी तिच्या कानाला, स्क्रू ड्रायव्हर त्याच्या हातात. ती कधी पुढचा ऐके, कधी मागचा. “ह्याला अजून. अजून थोडं. आता पुढच्याला कमी करा. अहो, इतकं नाही, मागे घ्या.” तो ती सांगेल तेवढेच फिरवत होता, कारण ऐकू तिला येत होते. बघता बघता पत्र्याची खडखड थांबली. दोन्हींचा आवाज एकसारखा झाला तेव्हा तिने नुसता हात वर केला.

शिष्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मग त्याने विचारले, “मग इतके दिवस ऐकत का नव्हता हा?”

वृद्ध मडगार्डला टेकला आणि म्हणाला, “ऐकेल कसा? त्याचा पडदा पुढच्याने या दांडीतून धरून ठेवलेला. पुढचा जेवढा उघडू देईल तेवढाच हा उघडणार. स्क्रूचं टोक त्याच्या पडद्यापर्यंत पोचतच नव्हतं. तू विचारत होतास मागच्याला आणि उत्तर देत होता पुढचा. तू समजलास, याला काही म्हणायचंच नाही. बरं, पुढच्याचीही चूक नाही. तो बिचारा दोघांचा भार ओढत होता आणि त्याला वाटत होतं, आपण किती सांभाळून घेतोय. तू काय केलंस, मागच्याला पेट्रोल वाढवलंस. अरे, ज्याला श्वास पुरत नाही त्याला घास वाढून काय उपयोग?”

शिष्याचा चेहरा उतरला. त्याने हळूच विचारले, “मग ही दांडी काढूनच टाकू का?”

“काढलीस तर घाट कसा चढशील? ॲक्सिलरेटर एकच आहे, ओढायचं दोघांना. दांडी पाहिजेच. पण आधी सैल करायची, दोघांना आपापल्या जागी आपलं आपण चालू द्यायचं. त्यात गाडी खोकते, बंद पडते, तेवढं सोसायचं. मग आवळायची. आवळलेल्या दांडीनिशी ट्यूनिंग करणारे खूप पाहिलेत मी. त्यांची गाडी चालते. घाटात कळतं.”

एवढे बोलून त्याने दांडीचे नट आवळले, पाना पुसून पेटीत ठेवला, विशाखाने दिलेले सरबत घेतले आणि तो निघून गेला. मागाविषयी, केंद्राविषयी, रविवारविषयी त्याने अक्षर काढले नाही. शहाणी माणसे गाडीविषयी बोलतात तेव्हा गाडीविषयीच बोलतात. ऐकणाऱ्याला आणखी काही ऐकू आले, तर तो त्याचा लाभ.

गृहस्थाला ऐकू आले होते. दुपारी जेवताना त्याने पुन्हा विषय काढला. केंद्राचं काय करायचं, असे त्याने विचारले.

“तुम्ही म्हणाल तसं,” विशाखा म्हणाली आणि त्याला आमटी वाढली.

एरवी इथे तो काहीतरी म्हणाला असता आणि प्रश्न मिटला असता. आज तो काहीच म्हणाला नाही. गप्प बसणे त्याच्या अंगवळणी नव्हते. तो पाणी प्यायला, त्याने ताट सरळ केले, वाटी उगाच इकडची तिकडे ठेवली. तिने दोनदा त्याच्याकडे पाहिले. मग, बरं नाही का वाटत, असे विचारले. त्याने, बरा आहे, म्हणून सांगितले आणि पुन्हा गप्प बसला. घरात इतकी शांतता कधी झाली नव्हती. तिचा हात ताटातच थांबला होता. तिला वाटले, हा रागावला. मग वाटले, नाही, रागावलेला असा दिसत नाही. आणि त्या शांततेला दुसरे कोणी हात घालीना, तेव्हा ती बोलली.

“मला जायचंय,” विशाखा म्हणाली. “तुम्हाला ते आवडणार नाही, हेही मला माहीत आहे.”

“नाही आवडणार,” तो खरे ते बोलला.

पुढचा शब्द त्याच्या ओठांवर आला होता. ‘पण जा.’ चांगला शब्द आहे. उदार नवरे तो वापरतात, आणि त्यांचे कौतुकही होते. पण तो बोलता बोलता थांबला. जा म्हणणारा तोच, नको म्हणणाराही तोच, मग तिचा पडदा उघडला कोणी? मी म्हणते, त्या गाडीपाशी तो जे शिकला ते इथे, या गिळलेल्या शब्दात. इंजिन तर कोणीही दुरुस्त करील.

मग तो म्हणाला, “रविवारी तो माणूस येईल, त्याच्याशी तूच बोल. मी चहा टाकतो.”

रविवारी माणूस आला. गृहस्थ स्वयंपाकघरात गेला, आणि त्याला साखरेचा डबा सापडेना. शोधता शोधता बाहेरचे बोलणे कानावर पडत होते. विशाखा विचारत होती, केंद्रात माग किती चालू आहेत आणि किती नुसते उभे आहेत. राहायची खोली स्वतंत्र आहे का. सूत कोण निवडणार. सूत मीच निवडीन, असे तिने सांगितले. तो माणूस काही म्हणाला, त्यावर ती म्हणाली की हे जमत नसेल तर आत्ताच सांगा, चहा पिऊन जा आणि राग धरू नका. तिचा असा आवाज गृहस्थाने पूर्वी ऐकला होता की नाही, त्याला आठवेना. ऐकला असला, तर फार जुनी गोष्ट असणार.

चहा जरा जास्तच उकळला. कप घेऊन तो बाहेर आला आणि दाराजवळच्या खुर्चीवर टेकला. पाहुणा सवयीने त्याच्याकडे वळला आणि अदबीने म्हणाला, “साहेब, तुमचं काय म्हणणं आहे यावर?”

“त्यांनाच विचारा,” गृहस्थ म्हणाला. “मीही आत्ताच ऐकतोय.”