रिकामे हुंकार

लहानथोरांनो, जरा जवळ सरकून बसा नि ऐका. फार फार वर्षांमागं एका नगरात एक शेठजी राहत होते. त्यांना वीणा ऐकण्याचं वेड होतं.

तरुणपणी दाराशी कुणी साधी वीणा छेडली, तरी शेठजी भरल्या पानावरून उठत. पुढे केस पिकले, तशा वीणा भारी होत गेल्या. नवी वीणा चार दिवस गोड लागे, मग कपाळाला आठ्या पडत. "तारा बोथट आहेत, बदला!" तारा बदलल्या. "भोपळाच कच्चा!" भोपळा बदलला. भिंतींना नवा गिलावा झाला, बाहेरचा गलका नको म्हणून खिडक्यांना रेशमी पडदे लागले. 'आवाज खातात' म्हणून उशा-लोड माळ्यावर टाकले.

शेठाणी पुरती वैतागली. पडदे झटकायचे तिनं, आणि "अहो, पान वाढलंय!" म्हणून घसा कोरडा करायचा तोही तिनंच.

शेठाणीचं देवीचं व्रत होतं. शुक्रवारी उपास करायचा, सांजेला हातात अक्षता घेऊन कहाणी सांगायची. ऐकणाऱ्यानं वाक्यागणिक "हूं" म्हणायचं. कहाणी कुणी ऐकली, तरच उपास सोडायचा. शेठजी समोर बसत, हूं हूं म्हणत. तिला वाटे, बाकी काही असो, माझी कहाणी तेवढी ऐकतात हो!

व्रताच्या सांगतेचा शुक्रवार आला. नेमकी त्याच दिवशी दूरदेशीची हस्तिदंती वीणा घरात आली. नैवेद्य दाखवून शेठाणी कहाणीला बसली. अर्ध्यावर तिला ठसका लागला, ती थांबली.

"हूं," शेठजी म्हणाले.

ती बघतच राहिली. शेठजींची नजर वीणेवर. "हूं... हूं."

तिनं मुठीतल्या अक्षता पाटावर ठेवल्या. म्हणजे इतके शुक्रवार आपण भिंतीलाच कहाणी सांगितली!

"अहो, ऐकू येत नाही, तर हूं कशाला म्हणता?" ती ओरडली.

"तुझाच आवाज हल्ली बारीक झालाय."

"हो का! माझा आवाज बारीक, तारा बोथट, भोपळा कच्चा! सगळं नगर बिघडलं, तुमचे कान तेवढे धडधाकट!"

शेठजी फुरंगटून वीणेपाशी गेले. शेठाणीनं ताट झाकलं आणि देवीपुढे हात जोडले. राग नाकावर होता, पण मागणं रागाचं नव्हतं. "आई, उपास घडला तर घडू दे. पण माणूस समोर असून हरवलंय, ते तेवढं मला परत दे."

तिकडे शेठजींनी वीणेची सर्वांत बारीक तार छेडली. तार हलताना दिसली, आवाज आला नाही. पुन्हा छेडून त्यांनी बोट टेकवलं. बोटाखाली तार जिवंत होती, थरथरत होती. कानाला मात्र काही कळत नव्हतं. शेठजींनी वीणा खाली ठेवली.

मग ते देवघरात आले. ताट तसंच झाकलेलं. "जेवली नाहीस?"

शेठाणी काहीतरी पुटपुटली. सवयीनं ओठांवर आलेला हुंकार शेठजींनी गिळला. "मला ऐकू येत नाही गं," ते म्हणाले. "बरेच दिवस झाले. कानाशी येऊन सांगशील?"

शेठाणी पदरानं डोळे टिपून त्यांच्या कानाशी वाकली. "पहिल्यापासून सांगते. कळलं नाही तर विचारायचं. नंदीबैलासारखी मान डोलवायची नाही."

"बरं बाई."

गुडघ्याला गुडघा लावून ते बसले. कहाणी मध्यावर आली, तोच शेठजींनी हात वर केला. "थांब, थांब. त्या धाकट्या सुनेला घराबाहेर काढलं कुणी? सासूनं?"

आजवर कुणी कहाणी मध्येच तोडली नव्हती, आणि शेठाणीला इतका आनंदही कधी झाला नव्हता. कहाणी संपली, अक्षता देवीला वाहिल्या, आणि तिनं समाधानानं पहिला घास घेतला.

हस्तिदंती वीणा कारागिराकडे परत गेली. शेठजी घरातल्याच वीणेच्या भोपळ्याला कान टेकून ऐकू लागले. वरचे सूर काही परत आले नाहीत. पण घरातलं बोलणं परत आलं, आणि तेही थोडं नव्हतं.

तात्पर्य: आपली उणीव वस्तू बदलून भरत नाही; ती कबूल केली, की जवळची माणसं ती भरून काढतात.